एमबीए करू का?
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सत्काराबद्दल आभार मानतो आणि थेट मुद्द्यावर येतो. सकाळपासून चौघांनी मला एकच प्रश्न विचारला. चौघेही पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. "दादा, आता एमबीए करू का?" त्यातल्या एकाच्या घरी तर रान गहाण टाकायची भाषा चालू आहे. म्हणून यावरच बोलतो.

आधी हिशोब. नामांकित संस्थेत दोन वर्षांची फी २० लाखांच्या पुढे जाते. २५ लाख धरा. तुमचा पगार वर्षाला ८ लाख असेल, तर दोन वर्षांचे बुडालेले १६ लाखही त्यातच मिळवा. हे कुणी धरतच नाही. झाले ४१ लाख. २५ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला सुमारे ३३ हजारांचा हप्ता बसतो. जावळीतली कितीतरी घरं मुंबईत माथाडी काम करून उभी राहिलीत. त्या घरांना हा आकडा काय असतो, ते मी सांगायला नको.

मग करूच नये का? तसं नाही. सत्या नाडेला मायक्रोसॉफ्टमध्ये इंजिनिअर असताना शनिवार-रविवार शिकागोला जाऊन शिकले आणि १९९७ मध्ये एमबीए झाले. पण नोकरी सोडली नाही, हे ध्यानात घ्या.

आता आपल्या सातारा जिल्ह्याकडे या. क्विक हीलचे कैलास काटकर मूळचे इथलेच. दहावीनंतर शिक्षण सुटलं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकले, त्यांनी अँटिव्हायरस लिहिला. थोरल्यांनी तो विकला. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, डिग्री लागत नाही! मला ते पटत नाही. धंद्याचं ज्ञान तिथेही लागलंच. किंमत किती ठेवायची, उधारी कुणाला द्यायची, हे कुणीतरी शिकलंच. फक्त ते दुकानात शिकले.

तुम्हाला ते कुठे शिकता येईल, हा खरा प्रश्न. कोडिंग आवडतं आणि त्यातच पुढे जायचंय, तर एमबीए नको. तेवढा वेळ आपल्या कामात मुरण्यात घाला. कन्सल्टिंगमध्ये किंवा फायनान्समध्ये जायचंय, तर चांगल्या संस्थेतल्या डिग्रीने दार उघडतं, हे खरं आहे. पण संस्था चांगलीच हवी. कोपऱ्यावरच्या कॉलेजात दोन वर्षं घालवून कागद तेवढा मिळतो. बढतीसाठी नुसता कागदच हवा असेल, तर इग्नू आणि आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी न सोडता होतं.

आणि अजून काहीच ठरत नसेल, तर आधी फुकटचं करा. आपल्याच कंपनीचा वार्षिक अहवाल वाचा. पैसा कुठून येतो, कुठल्या ग्राहकाकडून किती येतो, ते पाहा. विक्री विभागातल्या माणसाबरोबर ग्राहकाच्या मीटिंगला बसा. सहा महिने हे करून कंटाळा आला, तर ४१ लाख वाचले. गोडी लागली, तर प्रवेशाच्या मुलाखतीत सांगायला काहीतरी असेल.

रान गहाण टाकायचं म्हणणाऱ्या मित्रा, जेवण झालं की कागद-पेन घेऊन ये. घरच्यांनाही बोलाव. तुझा आकडा मांडून बघू.