निधी, निक्षेप आणि विष



साहित्य, संगीत आणि इतिहास यांच्या पंगतीत खरेदीखतासारख्या रुक्ष विषयाला आपण पाट मांडून दिलात, याबद्दल प्रथम चालकांचे आभार मानतो. मी वकील आहे. माझे आयुष्य दुसऱ्यांच्या जमिनींच्या चतुःसीमा लिहिण्यात गेले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुने खरेदीखत असेल त्यांनी ते एकदा काढून वाचावे. त्यात एक ठेक्यातले वाक्य हमखास सापडेल : सदर मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दिली आहे. म्हणजे विहिरीचे पाणी तुमचे, झाड तुमचे, दगडधोंडा तुमचा, आणि खणताना कुणी पुरलेला हंडा निघाला तर तोही तुमचा! हंड्याच्या बाबतीत १८७८ सालचा सरकारी कायदा काही निराळे म्हणतो, पण ते असो. सांगायचे ते एवढेच, की आपल्या पूर्वजांना जमिनीखाली सोने असण्याची आशा होती. तिथे विष असेल अशी शंका त्यांच्या मनात आली नाही.

आज ती शंका आपल्याला घेतली पाहिजे. रंगाचा कारखाना, मुलामा चढवणारा कारखाना, कातडी कमावण्याची जागा, जुना पेट्रोल पंप, हे सगळे कधी ना कधी बंद पडतात आणि जागा विकायला निघते. सात-बारा कोरा असतो, बँकेचा बोजा फिटलेला असतो, वकील दाखला देतो की मिळकत निर्वेध आहे. पण खालच्या मातीत क्रोमियम मुरलेले असेल किंवा गळक्या टाकीतले तेल शेजारच्या विहिरीकडे सरकत असेल, तर त्याची नोंद कुठल्या उताऱ्यावर? तेव्हा आजचा प्रश्न असा, की अशी जागा विकली जाते तेव्हा ती स्वच्छ कोणी करायची, किती करायची, आणि तो खर्च माणसाला परवडेल अशा रीतीने करारात कसा लिहायचा?

प्रथम एक गोष्ट सांगतो. ती अमेरिकेतली आहे, पण ऐकण्यासारखी आहे. न्यूयॉर्क राज्यात नायगरा फॉल्स नावाचे शहर आहे. तेथे लव्ह नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालवा खणायला घेतला आणि तो अर्धवट सोडला. त्या चरात हूकर नावाच्या रसायन कंपनीने १९४२ पासून सुमारे दहा वर्षे मिळून २१ हजार टनांच्या आसपास रासायनिक कचरा पुरला आणि वर मातीचे आवरण घातले. पुढे, २८ एप्रिल १९५३ रोजी, कंपनीने ती जागा शहराच्या शाळामंडळाला विकली. किंमत किती? एक डॉलर!

खतात एक कलम होते. जागेत रासायनिक कचरा भरलेला आहे हे घेणाऱ्याला सांगितले आहे, पुढचा सारा धोका घेणाऱ्याचा, आणि कुणाला इजा झाली वा मृत्यू आला तरी कंपनीवर दावा करता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. कंपनीच्या बाजूने हेही म्हटले पाहिजे की तिने लपवले नाही, लिहून दिले. शाळामंडळाने त्या जागेवर शाळा बांधली. भोवतालच्या जमिनीवर घरे उठली. त्या घरांची खते निराळी. त्यात हे कलम असण्याचे कारणच नव्हते. पावसाळी दिवसांत तळघरांत रसायने झिरपू लागली. १९७८ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणि पाठोपाठ राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली. आरंभी दोनशेहून अधिक कुटुंबे उठवावी लागली. पुढे तो आकडा कितीतरी वाढला.

आणि त्या कलमाचे काय झाले? १९८० साली अमेरिकेत ज्याला ‘सुपरफंड’ म्हणतात तो कायदा झाला. हूकर कंपनी तोवर ऑक्सिडेंटल या कंपनीने विकत घेतली होती. तिला १९९४ साली न्यूयॉर्क राज्याला ९ कोटी ८० लाख डॉलर आणि १९९५ साली मध्यवर्ती सरकारला १२ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. एका डॉलरच्या खतातले कलम या रकमांच्या आड येऊ शकले नाही.

असे का झाले, हे समजून घेऊ. करार हा दोघांमधला असतो. खर्च तू सोसायचा की मी, हे तो ठरवू शकतो. तो सरकारला बांधत नाही, शेजाऱ्याला बांधत नाही, तळघरात खेळणाऱ्या पोराला तर मुळीच बांधत नाही. सुपरफंडच्या कायद्यात हे स्पष्टच लिहिले आहे : आपापसात भरपाईची हमी खुशाल घ्या, ती तुमच्यापुरती खरी; पण तिच्यामुळे कायद्यापुढची जबाबदारी एकाच्या अंगावरून उतरून दुसऱ्याच्या अंगावर जाणार नाही.

मग कुणी म्हणेल, “वकीलसाहेब, सगळी जागा खणून सोन्यासारखी लख्ख करा, त्याशिवाय विकू नका, असा नियमच करा ना!” म्हणायला सोपे आहे. पण तसे केले तर जागा विकलीच जात नाही. मालक कुलूप लावून निघून जातो आणि विष जिथल्या तिथे राहते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने १९८३ साली कायदा केला, की कारखान्याची जागा हस्तांतरित होण्यापूर्वी सफाईचा प्रश्न सरकारपुढे निकालात निघाला पाहिजे. दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच राज्याने तो कायदा व्यवहाराला झेपेल असा सुधारला, आणि राहण्याच्या जागेचे मोजमाप वेगळे, कारखान्याच्या जागेचे वेगळे, हे मान्य केले. परवडणारी सफाई ही चोरवाट नव्हे. परवडत नसेल तर सफाई होतच नाही, हा अनुभव आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, जुन्या रंगशाळेची जागा पाच कोटींना विकायची आहे. तिथे माणसे राहायची तर सफाईला तीन कोटी लागतील. नुसते गोदाम बांधायचे तर वरची माती काढून, उरलेल्यावर पक्के आवरण घालून, विहीर बंद करून पन्नास लाखांत भागेल. घेणाऱ्याला गोदामच हवे आहे. तर पन्नास लाखांची सफाई करावी, यात गैर काही नाही. मात्र त्यासाठी करारात पाच गोष्टी हव्यात.

पहिली, व्यवहाराच्या दिवशी माती आणि पाणी तपासून त्याचा अहवाल कराराला जोडावा. म्हणजे जुने विष विकणाऱ्याचे आणि नंतर सांडलेले घेणाऱ्याचे, हा हिशेब पुढे भांडणाविना होतो.

दुसरी, सफाई कोणत्या वापरासाठी आणि कोणत्या मापाने, ते आकड्यांत लिहावे. ‘योग्य ती सफाई करून देऊ’ हे वाक्य मी माझ्या कारकुनालासुद्धा लिहू देत नाही. योग्य म्हणजे काय, हे ठरवता ठरवता दोन पिढ्या कोर्टात जातात. ‘गोदामाच्या वापरासाठी, प्रदूषण नियंत्रण मंडळाला मान्य होणाऱ्या उपायांपैकी कमी खर्चाचा’ असे लिहिले की विकणाऱ्याला आपली उडी कुठवर ते कळते, आणि घेणाऱ्यालाही त्याच्या पैशाने बागा फुलवता येत नाहीत.

तिसरी, पैसा. विकणारा उद्या गाव सोडून गेला तर हमीचा कागद काय कामाचा? म्हणून पाच कोटींतले साठ-सत्तर लाख त्रयस्थ बँकेकडे ठेवावेत, काम होईल तसे सुटावेत, आणि उरतील ते विकणाऱ्याला परत मिळावेत.

चौथी, मुदत आणि मर्यादा. विकणारा म्हणेल, माझी जबाबदारी इतक्या रकमेपर्यंत आणि इतक्या वर्षांपर्यंत. ते न्याय्य आहे, फक्त मर्यादेच्या वर गेले तर भार कसा वाटायचा तेही लिहावे. विकणारे आणखी एक अट घालतात : घेणाऱ्याने कारणावाचून खणून नवे दोष उकरून काढले तर आम्ही बांधील नाही. सही करण्यापूर्वी या अटीकडे दहादा पाहावे. उगाच उकरू नये हे ठीक. पण शेजारच्या विहिरीचे पाणी पिवळे झाले तरी खणू नये, असा तिचा अर्थ होता कामा नये.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘या जागेवर घरे बांधू नयेत, आवरण फोडू नये, विहीर खणू नये’ हे बंधन नुसत्या साठेखतात लिहून कपाटात ठेवू नये. नोंदणी झालेल्या खरेदीखतात यावे, पुढच्या प्रत्येक खतात उतरावे, शेजाऱ्यांना व नगरपालिकेला कळावे. स्वस्त सफाई ही या बंधनाच्या आधारावर उभी असते. बंधन विसरले गेले की पन्नास लाखांच्या जागेवर तीन कोटींच्या जागेसारखी बिऱ्हाडे येऊन राहतात. नायगरा फॉल्सला इशारा लिहिलेला होता. ज्यांना तो हवा होता त्यांच्यापर्यंत तो पोचला नाही.

जागेऐवजी आख्खा धंदा विकत घेतला तर प्रश्न आणखी बिकट होतो. कंपनीचे भाग घेतले की तिच्या नफ्याबरोबर तिची जुनी पापेही घरात येतात. याचे उदाहरण भोपाळ. १९८४ च्या डिसेंबरातील वायुकांड सर्वांना ठाऊक आहे. पण कारखान्याच्या आवारात पडलेला आणि पुरलेला कचरा हे निराळे प्रकरण आहे. अमेरिकन कंपनीने भारतीय कंपनीतले आपले भाग १९९४ साली विकले. कंपनीचे नाव बदलले. १९९८ मध्ये जागा मध्य प्रदेश सरकारकडे परत गेली. २००१ मध्ये मूळ अमेरिकन कंपनीही दुसरीच्या पोटात गेली. प्रत्येक वेळी कागद कायदेशीर होते, सह्या होत्या, शिक्के होते. पण कचरा कुणाचा, या प्रश्नावर वाद चालूच राहिला. आवारात साठवलेला सुमारे ३३७ टन कचरा पिथमपूरला हलवायला २०२५ चा जानेवारी उजाडला. कुटुंब वाटणी करते आणि म्हाताऱ्या आईला कुणीच ठेवून घेत नाही, त्यातलीच ही गत.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा, कलम ५५, सांगतो की मिळकतीतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळण्यासारखा नाही, तो उघड केला पाहिजे. पण दोघांनी विरुद्ध करार केला नसेल तर, अशी त्याला पुस्ती आहे. म्हणून ‘आहे त्या स्थितीत घेतली’ हे शब्द दिसले की थांबा. राजस्थानातल्या बिछडी गावात रंगद्रव्याच्या धंद्यातील रसायनाने विहिरी नासल्या, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च द्यावा असा निर्णय दिला. मात्र पैशाचा वाद पुढे इतका लांबला, की न्यायालयाला २०११ साली ३७ कोटींहून अधिक रक्कम व्याजासह भरण्याचा हुकूम करावा लागला. न्याय मिळाला, पण विहिरीला पंधरा वर्षे थांबता येत नाही. २०१० मध्ये हरित न्यायाधिकरण आले, २०२५ मध्ये दूषित जागांविषयी केंद्राचे नियमही आले. कायदा शेवटी हात देतो. करार आरंभीच देऊ शकतो.

मंडळी, करार लिहिताना टेबलाच्या एका बाजूला विकणारा बसतो, दुसऱ्या बाजूला घेणारा, मध्ये माझ्यासारखा वकील. तिसरी खुर्ची रिकामी असते. ती शेजाऱ्याची आणि वीस वर्षांनी तिथे राहायला येणाऱ्याची. तो घासाघीस करत नाही, इसार देत नाही, सही करत नाही. पण पाणी तोच पितो. सफाई स्वस्त करायची तर जरूर करा, मात्र ती त्याच्या जिवावर स्वस्त होत नाही ना, एवढे त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून ठरवा.

निक्षेप या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, पुरून ठेवलेली वस्तू. दुसरा, विश्वासाने कुणाकडे सोपवलेली ठेव. जमिनीखालच्या पहिल्या निक्षेपासाठी बँकेत दुसरा निक्षेप ठेवला गेला, तर ते खत मी चांगले म्हणेन. नाहीतर आपण मुलाबाळांना जल, तरू, तृण यांसह जी मिळकत देऊ, तिच्यातले जल त्यांना पिता येणार नाही.