लिफ्टचा पिट म्हणजे राफ्टमधलं भोक नव्हे

आजचा विषय स्ट्रक्चरल डिझाइन शिकणाऱ्यांसाठी आहे, पण बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही. तुम्ही रोज लिफ्टने वर-खाली करता. त्या लिफ्टच्या शेवटच्या थांब्याखाली एक खड्डा असतो, त्यालाच आपण लिफ्ट पिट म्हणतो. बफर तिथे बसतात, आणि मेंटेनन्सवाला माणूस खाली उतरला तर त्याच्यासाठी सुरक्षित जागाही तिथेच ठेवलेली असते. इमारतीचा पाया राफ्ट असेल, म्हणजे सगळ्या इमारतीखाली एकच जाड काँक्रीटची चादर असेल, तर हा खड्डा त्या चादरीतच करावा लागतो.

आता गंमत बघा. लिफ्टच्या भोवती बहुतेक वेळा शिअर वॉल असतात. म्हणजे इमारतीचा सगळ्यात जड, सगळ्यात ताठ भाग नेमका तिथे उतरतो. जिथे राफ्टला सगळ्यात जास्त ताकद हवी, तिथेच आपण तिला खाली वाकवतो.

सेफ, ईटॅब्स किंवा स्टॅड प्रोमध्ये हे दाखवायच्या तीन पद्धती मला ड्रॉइंग तपासताना नेहमी दिसतात.

पहिली पद्धत म्हणजे सरळ ओपनिंग काढायचं. पिट आहे ना, मग स्लॅबला भोक! मोकळ्या मजल्यावर डक्टसाठी हे चालतं, राफ्टमध्ये नाही. भोक काढलं की तिथली मातीची स्प्रिंग जाते आणि राफ्टचा सलगपणाही जातो. माती तर तिथे आहेच की! पिटच्या स्लॅबखाली ती दाबतेच आहे. सॉफ्टवेअरला मात्र आपण सांगितलं की इथे काहीच नाही.

दुसरी पद्धत म्हणजे पिट विसरून राफ्ट सपाट ठेवायची. वाटते तेवढी ही वाईट नाही. पिटचा स्लॅब आणि भिंती राफ्टइतक्याच जाड असतील आणि सळया नीट जोडलेल्या असतील, तर मातीवरचा दाब आणि लांबच्या भागातले मोमेंट समजायला सपाट मॉडेल पुरतं. पिटचा हिशोब मात्र वेगळा, हाताने करावा लागतो.

तिसरी पद्धत म्हणजे जसं आहे तसं दाखवायचं. पिटचा स्लॅब खालच्या पातळीवर, आणि तो राफ्टला जोडणाऱ्या उभ्या भिंती. मातीच्या स्प्रिंग दोन्ही पातळ्यांवर, आणि त्या फक्त दाब घेणाऱ्या.

एक उदाहरण धरू. राफ्ट १००० मिमी जाड. पिट राफ्टच्या वरच्या पातळीपासून १५०० मिमी खोल. पिटचा स्लॅब ६०० मिमी, भिंती ५०० मिमी, आतली मोकळी जागा २ मीटर. सॉफ्टवेअर प्रत्येक स्लॅब त्याच्या मध्यपातळीवर धरतं. राफ्टची मध्यपातळी ५०० मिमी खाली, पिटच्या स्लॅबची १८०० मिमी खाली. म्हणजे मॉडेलमधली भिंत १३०० मिमी उंच. हा आकडा एवढ्यासाठी सांगतोय की बरेच जण इथे थेट १५०० टाकून मोकळे होतात.

आता बरेच जण पिटचा स्लॅब एकटा तपासतात. समजा स्लॅबचं वजन वजा करून खालून १५० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर दाब येतोय. भिंतींच्या मध्यापासून मध्यापर्यंत २.५ मीटर. एकाच दिशेने वाकतो असं धरलं तर दाब गुणिले अंतराचा वर्ग भागिले ८, म्हणजे साधारण ११७ किलोन्यूटन-मीटर प्रति मीटर. ६०० मिमीच्या स्लॅबला हे काहीच नाही. ताण वरच्या बाजूला येतो, तिथे जाळी टाकली, संपलं.

नाही ना संपलं! शिअर वॉलच्या बाहेर दोन्हीकडे राफ्ट पसरलेली आहे आणि माती तिला खालून उचलतेय. त्यामुळे कोअरजवळ राफ्टच्या खालच्या बाजूला मोठा ताण येतो. समजा तो मोमेंट ८०० आहे. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जायला त्याला वाट हवी. भोक ठेवलं तर वाटच नाही. पिट नीट दाखवला तर तो राफ्टमधून भिंतीत उतरतो, पिटच्या स्लॅबमधून पलीकडे जातो आणि दुसऱ्या भिंतीतून वर चढतो. वरची शिअर वॉल त्यातला काही वाटा घेते, पण सगळा नाही. किती घेते, हे मॉडेलच सांगेल.

म्हणून मी म्हणतो, पिट ही राफ्टला घातलेली घडी आहे. कापडाला घडी घातली तरी धागा तुटत नाही, तसं.

आता घडीतला कमजोर भाग बघा. राफ्टची इफेक्टिव्ह डेप्थ साधारण ९३० मिमी, ५०० च्या भिंतीची ४३०. तोच मोमेंट भिंतीतून न्यायचा तर सळई दुपटीहून जास्त लागते. आणि सळई बसली तरी तिला पकड हवी. आयएस ४५६ प्रमाणे एम ३० काँक्रीट आणि एफई ५०० सळई असेल, तर डेव्हलपमेंट लेंग्थ व्यासाच्या साधारण ४५ पट येते. २५ मिमीच्या सळईला ११०० मिमीपेक्षा जास्त. भिंत आहे ५०० ची! सरळ सळई त्यात मावणारच नाही.

मग साइटवर काय होतं? फिटर राफ्टची खालची सळई मातीच्या बाजूने, कोपऱ्यावरून खाली वाकवतो. दिसायला सलग, एकदम छान. पण तो आतला कोपरा आहे. ताण आला की वाकलेली सळई सरळ व्हायला बघते आणि कव्हर बाहेर ढकलते. बरोबर पद्धत अशी की राफ्टची खालची सळई सरळ आत भिंतीच्या काँक्रीटमध्ये न्यायची, आणि भिंतीची मातीकडची सळई सरळ वर राफ्टमध्ये चढवायची. दोघी एकमेकींना ओलांडून पुढे अँकर होतात. यासाठी जागा हवी, म्हणून भिंत जाड करायची किंवा बाहेरून ४५ अंशाचा उतार द्यायचा. उतार दिला तर खोदकामाची कड ढासळत नाही आणि वॉटरप्रूफिंगलाही कमी कोपरे मिळतात.

मॉडेलमधला एक छुपा सापळा. मातीच्या स्प्रिंग उभ्या असतात, म्हणून मॉडेल आडवं सरकू नये यासाठी काही जण राफ्टचे सगळे नोड आडवे लॉक करतात. सपाट राफ्टमध्ये फारसा फरक पडत नाही. पण पिट असेल तर दोन पातळ्या होतात. वरची पातळी लॉक, खालची लॉक, आणि मधे १३०० मिमीची जोडी. सॉफ्टवेअर त्या जोडीने मोमेंट खाऊन टाकतं आणि आकडे छान कमी दिसतात. प्रत्यक्षात तेवढं घट्ट धरणारं तिथे कुणी नसतं. तेव्हा मॉडेल स्थिर राहील इतकेच आडवे आधार द्या, किंवा मऊ आडव्या स्प्रिंग द्या.

पाण्याचंही बोलू. पावसाळ्यात पाणी राफ्टच्या वरच्या पातळीपर्यंत आलं, तर पिटच्या तळाशी २.१ मीटर पाणी, म्हणजे साधारण २१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर वर ढकलणार. स्लॅबचं वजन १५. उरले ६. इमारत पूर्ण झाल्यावर हे १५० च्या वर आणखी धरायचं नाही, कारण एकूण दाब इमारतीच्या वजनाने ठरतो आणि पाणी त्यातलाच वाटा उचलतं. पण काम चालू असताना, वर वजन नाही आणि पंप बंद पडलाय, तेव्हा हा हिशोब वेगळा तपासा. आणि राफ्ट-पिटच्या कन्स्ट्रक्शन जॉइंटला वॉटरस्टॉप विसरू नका. पिटमध्ये पाणी साचलं की लिफ्ट बंद, आणि आठव्या मजल्यावरच्या आजी घरात अडकल्या.

शेवटी तीन सवयी सांगतो. एक, स्प्रिंगच्या एकूण रिअॅक्शनची बेरीज एकूण भाराशी जुळते का, बघा. दोन, सपाट मॉडेल आणि पिट असलेलं मॉडेल, दोन्ही चालवा. कोअरपासून लांब आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. येत नसतील तर मेश किंवा भिंतीचं जोडकाम तपासा. तीन, लिफ्ट कंपनीचं ड्रॉइंग राफ्ट भरण्याआधी मागा. पिटची खोली लिफ्टच्या वेगाप्रमाणे बदलते, आणि बफरचा भारही त्याच ड्रॉइंगवर असतो. राफ्ट भरल्यावर १५०० चे १८०० करता येत नाहीत.

तर मंडळी, पुढच्या वेळी पिट मॉडेल करताना ओपनिंगच्या बटनाकडे बोट गेलं, तर एक क्षण थांबा आणि स्वतःला विचारा, हा मोमेंट आता कुठून जाणार? उत्तर बोटाने दाखवता आलं, तरच पुढे जा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया!