लोकगीत म्हणून सोडू नका, नाव घ्या



रविवारची सुट्टी बाजूला ठेवून तुम्ही के. आर. पुरमला जमलात. इथले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. शिष्यवृत्तीच्या, वसतिगृहाच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना आपण सगळ्यांनीच भरला आहे. ज्यांच्या घरी गायनपार्टी होती, त्यांच्यापैकीही कित्येकांनी तिथं ‘मजुरी’ लिहिलं. ते खोटं नव्हतं, दिवसा मजुरी होतीच. पण जयंतीच्या दिवसांत रात्र रात्र जागून, पेटी-ढोलकी घेऊन वस्तीवस्तीत बाबासाहेब पोचवले, ते काम कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

विठ्ठल उमप यांचंच पाहा. जन्म १९३१ चा. भारूड, पोवाडा, कव्वाली, भीमगीत, सगळं गायले. ‘जांभूळ आख्यान’ त्यांनी गाजवलं. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच ते कोसळले आणि गेले. मुलगा नंदेश यांनी गाणं पुढं नेलं, वडिलांच्या स्मृतीत ‘मृद्‌गंध’ पुरस्कार दिले जाऊ लागले. वारसा राहिला.

पण ज्या गायकाचा मुलगा गायक झाला नाही, इंजिनिअर होऊन व्हाइटफिल्डला नोकरीला लागला, त्याच्या गाण्याचं काय? हा प्रश्न आपला आहे.

शाळेत आपण शिकलो की लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो. भीमगीताचा कर्ता अज्ञात नाही. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचे. ते कडवं कापलं की कवी गेला, आणि वर ‘पारंपरिक’ असं लिहिलं की हक्कही गेला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतावरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. १९९४ च्या दुरुस्तीपासून गायकाच्या सादरीकरणालाही कायद्यात जागा आहे. पण नावच नोंदलेलं नसेल तर हक्क कुणाचा म्हणून सांगणार?

याच कर्नाटकात दलित संघर्ष समितीच्या मोर्चांत सिद्धलिंगय्यांची गाणी गायली गेली. ‘होलेमादिगर हाडु’ हा त्यांचा संग्रह १९७५ साली आला. गाणी रस्त्यावर होती तशी पुस्तकातही आली, म्हणून कवीचं नाव गाण्याला चिकटून राहिलं. आपल्या घरची गाणी मात्र अजून वहीत आणि कॅसेटमध्येच आहेत. वहीला वाळवी लागते, कॅसेटच्या फितीला बुरशी.

म्हणून या दिवाळीला गावी जाल तेव्हा फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून वडिलांजवळ बसा. कोरसमध्ये आई गात असेल तर तिच्याही जवळ बसा. एकेक गाणं घेऊन विचारा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, ढोलकीवर कोण होतं, कुठल्या गावी गायलात, बिदागी किती मिळाली, की नुसत्या जेवणावर परत आलात? वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. कॅसेट असतील तर त्यांची डिजिटल प्रत करून घ्या. ज्यांचे आईवडील आता नाहीत, त्यांनी पार्टीतले म्हातारे साथीदार गाठावेत. तेही फार दिवस थांबणार नाहीत.

तुम्हाला गाता आलं नाही तरी चालेल. लिहिता येतं ना? पोरांनी लिहावं-वाचावं म्हणूनच तर ते गात होते.

जय भीम!