विपर्यास: एक शब्द, दोन भाषा



आज मी एकाच शब्दावर बोलणार आहे. विपर्यास. "माझ्या बोलण्याचा विपर्यास केला गेला" हे वाक्य ऐकलं नाही असं आपल्यात कुणी नसेल. पुढारी आज काहीतरी बोलून जातात आणि उद्या हे वाक्य पुढे करतात. वापरून वापरून शब्द पार गुळगुळीत झालाय.

शब्द संस्कृतातला. मूळ अर्थ उलटापालट. त्याचं विशेषण विपर्यस्त: विपर्यस्त बातमी, विपर्यस्त अर्थ. विपरीत हा शब्द वेगळा. तो उलट किंवा प्रतिकूल या अर्थाचा, त्यात कुणावर ठपका नाही. मराठीत विपर्यास बहुतेक वेळा कुणीतरी 'केलेला' असतो, म्हणजे तो आरोप आहे. आणि त्याला आधी एक खरी गोष्ट लागते. मुळात काहीच नसेल तर ती थाप. खरं वाक्य घेऊन त्याचा अर्थ फिरवला, की विपर्यास.

आपल्याकडे यालाच 'ध'चा 'मा' करणं म्हणतात. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातलं 'धरावे' आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, असं सांगतात. ही आख्यायिका आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण म्हणीत ती बाई कायमची अडकली.

एवढं अक्षर बदलायचीही गरज नसते. राज्यघटनेचं कलम ३५०क घ्या, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलेलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा राज्यानं प्रयत्न करावा, असं ते सांगतं. यातलं 'प्राथमिक' गाळून आपलीच पोरं "कॉलेजपर्यंत हक्क आहे" असं स्टेटसला ठेवतात. समोरचे 'प्रयत्न' एवढाच शब्द उचलून "राज्यावर काही बंधनच नाही" म्हणतात. दोन्ही विपर्यासच. आपला आपल्याला गोड लागतो, एवढंच.

आता आपल्या भागातली खरी गुंतागुंत. कन्नड पेपर वाचणाऱ्यांनी 'विपर्यासवेंदरे' हा शब्द पाहिला असेल. तिथे विपर्यास म्हणजे विरोधाभास, दैवाची थट्टा. धरण भरलेलं आणि काठावरच्या गावाला टँकर, हा कन्नडमधला विपर्यास. त्यात कुणी कुणाचं बोलणं फिरवलेलं नसतं.

समजा, एखादे कन्नड प्राध्यापक एखाद्या निर्णयाबद्दल "हा विपर्यास आहे" म्हणाले. त्यांना म्हणायचंय, काय ही गत! आपण ते ओळखीच्या शब्दासह जसंच्या तसं उचलून "प्राध्यापकांचा विपर्यासाचा आरोप" असं मराठीत टाकलं, तर? शब्द तोच राहिला, माणूस मात्र न केलेल्या आरोपाचा धनी झाला. खाली शिव्या पडायला मग तासभरही लागत नाही. आणि या घोळात शब्दकोशही मदतीला येत नाही, कारण ओळखीचा शब्द कोशात कोण बघतं?

आपल्याला दोन्ही भाषा येतात, म्हणून हा घोळ सगळ्यात आधी आपल्याच हातून होणार आणि पकडूही आपणच शकणार. पुण्या-मुंबईच्या डेस्कवर बसलेल्याला तो दिसणार नाही.

मी अशा ठिकाणी मराठीत 'विरोधाभास' लिहिते. पण तो फार पुस्तकी वाटतो. तुमच्या घरात आजी-आजोबा याला काही वेगळं म्हणत असतील, तर मला जरूर सांगा.