घर बांधण्याआधी डोंगर ओळखा

(पावसाळ्यापूर्वी पाड्यांवरील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



खडकावर आणि वाळूवर घर बांधणाऱ्या दोन माणसांचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा आध्यात्मिक अर्थ आपल्याला ठाऊक आहे. पण ज्या पाड्यांवर आपण सेवा करतो, तिथे तो अक्षरशः खरा ठरतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. सुमारे दीडशे माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर बांधवांची वाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. या वाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हते. म्हणून यादीवर विसंबून न राहता जमीन ओळखायला आपणही शिकले पाहिजे.

डोंगर सरकतो कसा? सह्याद्री हा लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा डोंगर. वरचा खडक ऊन-पावसाने झिजतो, त्याचा मुरूम आणि माती होऊन उतारावर साचते. अनेक दिवस संततधार लागली की पाणी आत मुरते आणि खालच्या घट्ट थरावर अडते. कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, वजन वाढते आणि उतार एकदम खाली येतो.

भूवैज्ञानिक उपग्रहाची चित्रे पाहतात, पाऊस मोजतात; पण ओढ्याच्या कापलेल्या काठाशी उभे राहून मातीचे थरही पाहतात. ते आपल्यालाही जमेल. वाहते पाणी दगड-माती निवडून ठेवते. वेग कमी होत गेला की आधी गोटे टाकते, मग वाळू, शेवटी गाळ. त्यामुळे नदीच्या थरात दगड गोल आणि साधारण एका मापाचे दिसतात. दरड काहीच निवडत नाही. तिच्या ढिगाऱ्यात मोठे धोंडे आणि बारीक माती एकत्र कालवलेली असते, दगडांच्या कडाही बहुधा धारदार असतात. कड्याखाली असा थर दिसला, तर तिथे पूर्वी दरड आली असण्याची शक्यता धरावी. अशी जागा पुष्कळदा थोडी सपाट असते, म्हणून वस्तीला सोयीची वाटते. घरकुल मंजूर झाले की पाया खणण्याआधी हे पाहा आणि तहसील कार्यालयाकडे भूवैज्ञानिकांच्या पाहणीची लेखी मागणी करा.

यंदा प्रत्येक पाड्यावर तीन कामे करायची आहेत.

पहिले, जाणत्या आजी-आजोबांना घेऊन वस्तीच्या वरचा उतार फिरा. पूर्वी कुठे माती सरकली ते विचारा. जमिनीतल्या भेगा आणि कललेली झाडे पाहा.

दुसरे, भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. अंतर वाढले तर लगेच तलाठ्यांना कळवा.

तिसरे, रात्री निघावे लागले तर कुठे जायचे आणि कोणत्या वाटेने, हे आताच ठरवा. ती वाट ओढ्यातून नको. म्हातारी माणसे, बाळंतिणी यांना कोण नेणार, तेही ठरवा. भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक आटले किंवा गढूळ झाले, नवीन झरा फुटला, डोंगरातून आवाज आला, तर आधी बाहेर पडा. मग १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करा.

आपले बांधव हौसेने कड्याखाली राहत नाहीत. शेत, पाणी आणि रान जवळ लागते. नुसते 'इथून उठा' म्हणणे सोपे आहे. त्यांना पोट भरेल अशी सुरक्षित जागा मिळावी, असा ठराव ग्रामसभेत मांडायला त्यांच्यासोबत उभे राहणे, हीच आपली सेवा.

आपण पावसासाठी प्रार्थना करतो, ती करूच. त्यासोबत पहिला पाऊस पडण्याआधी उतारही चढून येऊ. देव तुम्हां सर्वांना सांभाळो.