ओझोन आणि आपले पाणी



ओझोन वायूने पाण्यातील रोगजंतू मारण्याची विद्या जुनीच आहे. फ्रान्समधील नीस शहरी ती १९०६ सालापासून चालू झाली. परंतु बुडबुड्यांवाटे सोडलेल्या वायूचा काही भाग न विरघळताच निसटतो. म्हणून आता टेफ्लॉनसारख्या, ओझोनने न झिजणाऱ्या सच्छिद्र पटलाच्या बारीक नळ्या योजतात. एका अंगास वायू, दुसऱ्या अंगास पाणी; छिद्रांत पाणी शिरत नाही, पण ओझोन बुडबुड्यावाचून पाण्यात विरघळतो. युक्ती मोठी नामी खरी!

तथापि राळेगावकरांस आमचे एक सांगणे आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दात व हाडे बिघडतात. ओझोनने ते रतीभरही हटत नाही. तेव्हा यंत्राचा विचार करण्याआधी कूपनलिकेचे पाणी तपासून घ्यावे.