रंगीत छपाईतील सचोटी : बाहेरची शाई, बाहेरचा कागद आणि रंग-प्रोफाइल

(पंचायत सचिव, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुद्रणकलेशी आपल्या गोमंतभूमीचे नाते फार जुने आहे. १५५६ साली जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात छापखाना सुरू झाला आणि भारतातील मुद्रणाचा आरंभ तेथे झाला. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या काळी काळी शाई आणि कागद एवढाच व्यवहार होता. पुढे रंग आले. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, तेव्हा एका चित्रातील प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा तयार करावी लागे. कोणती छटा किती गडद लागावी, हे जाणकार कारागीर डोळ्यांनी पारखून ठरवीत असे.

आज रंगीत प्रिंटर पंचायतीच्या कचेरीत, शाळेत आणि अंगणवाडीच्या शेजारच्या दुकानातही दिसतो. छापखाना टेबलावर आला. तो कारागीर मात्र त्याच्याबरोबर आला नाही. त्याचे काम आता एका छोट्या संगणकीय फाइलकडे सोपविलेले आहे. तिला रंग-प्रोफाइल असे म्हणतात. आजच्या व्याख्यानाचा विषय हीच फाइल होय.

रंग चुकला तर काय बिघडते?

एखाद्या सभेच्या निमंत्रणपत्रातील फूल थोडे जांभळट उमटले, तर कोणाचे नुकसान होत नाही. परंतु आपण छापतो त्यांपैकी पुष्कळ कागदांवर रंग हीच माहिती असते. भातावरील रोगांचे तक्ते घ्या. करपा रोगाचा ठिपका दोन्ही टोकांना निमुळता, मध्यभागी राखाडी व कडेने तपकिरी असतो. नत्राची उणीव असली की जुनी पाने प्रथम पिवळी पडतात, तर लोहाची उणीव असली की कोवळी पाने पिवळी पडतात. तक्त्यावर पिवळ्या शाईचा अंमल अधिक झाला, तर निरोगी पानाचे चित्रही पिवळसर दिसेल. ते पाहून शेतकरी युरियाची जादा मात्रा देईल. आणि नत्र अधिक झाले की करपा बळावतो, हे आपण जाणताच. म्हणजे रोग टाळण्यासाठी लावलेला तक्ताच रोगाला आमंत्रण देणारा ठरेल.

शाळेतील नकाशातही तोच न्याय आहे. सखल प्रदेश हिरवा व डोंगराळ प्रदेश तपकिरी, ही खूण मुलांना शिकवावयाची आणि छपाईत दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले असावयाचे, तर शिक्षकाचे निम्मे श्रम वाया जातात. राष्ट्रध्वजाच्या रंगांविषयी तर वेगळे सांगावयास नको. भारतीय मानक आय.एस. १ (१९६८) यामध्ये ध्वजाच्या कापडाचे रंग मोजमापाच्या आकड्यांत निश्चित केलेले आहेत. केशरी रंगाच्या जागी विटकरी रंग उमटावा, ही गोष्ट शोभणारी नाही.

बाहेरच्या शाईने रंग का बदलतो?

संगणक प्रिंटरला रंग पाठवीत नाही, आकडे पाठवितो. इतका लाल, इतका हिरवा, इतका निळा, असे ते आकडे असतात. प्रिंटरमधील कार्यक्रम त्या आकड्यांवरून कोणत्या शाईचे किती थेंब टाकावयाचे ते ठरवितो. हा हिशेब कंपनीने आपल्याच शाईवर आणि आपल्याच कागदावर बसविलेला असतो. आपण काटकसरीसाठी दुसऱ्या उत्पादकाची शाई भरली की आकडे तेच राहतात, हिशेबही तोच राहतो. रंग मात्र दुसराच उमटतो.

काटकसर करू नये, असे मी म्हणत नाही. सार्वजनिक पैसा जपून वापरणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु शाई ही पाण्यासारखी एकजिनसी वस्तू नाही. काही शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंजकाच्या असतात. त्या चमकदार दिसतात, परंतु उन्हात व ओलीत लवकर फिकटतात. काही शायांत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण तरंगत असतात. त्या अधिक टिकाऊ असतात. दोन उत्पादकांची निळी शाई शेजारी ठेवली, तर एक हिरवटपणाकडे झुकलेली व दुसरी जांभळटपणाकडे झुकलेली आढळू शकते.

कागदाचेही तसेच आहे. साधा कागद शाई शोषून घेतो, थेंब पसरतो आणि रंग मंद पडतो. लेप दिलेल्या कागदावर थेंब वर राहतो व रंग उठून दिसतो. पुष्कळ कागदांत शुभ्रता वाढविणारी द्रव्ये घातलेली असतात. ती सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे शोषून निळसर उजेड परत टाकतात, म्हणून असा कागद उन्हात पांढराशुभ्र आणि दिव्याखाली किंचित पिवळा भासतो. त्यातच आपल्याकडील पावसाळा! आषाढात उघड्या कपाटात ठेवलेले रीम दमट होते आणि त्यावरील छपाई कोरड्या दिवसांतील छपाईशी जुळत नाही.

प्रोफाइल म्हणजे नेमके काय?

१९३१ साली प्रकाश व रंग यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने माणसाची नजर रंग कसा पाहते, याचे मोजमाप निश्चित केले. १९७६ साली त्याच आयोगाने 'लॅब' ही पद्धत दिली. तीत प्रत्येक रंगाला तीन आकडे असतात. पहिला आकडा उजळपणाचा, शून्यापासून शंभरपर्यंत. दुसरा हिरव्यापासून लालापर्यंतचा. आणि तिसरा निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा. हे आकडे कोणत्याही यंत्राचे नसून पाहणाऱ्या डोळ्याचे आहेत. पुढे १९९३ साली संगणक व छपाई क्षेत्रांतील कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंग संघ स्थापन केला आणि प्रोफाइलचा एक समान साचा ठरविला. त्यामुळे एका कंपनीच्या यंत्राची प्रोफाइल दुसऱ्या कंपनीच्या कार्यक्रमाला वाचता येते.

प्रोफाइल म्हणजे या दोन भाषांमधील कोश. प्रिंटरला अमुक आकडे दिले असता या शाईने, या कागदावर, डोळ्याला कोणता रंग दिसतो, याची ती सारणी होय. ती उलट दिशेनेही वाचता येते : डोळ्याला हा रंग दिसावयास हवा असेल, तर प्रिंटरला कोणते आकडे द्यावेत?

शेजाऱ्याच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा आपल्या शेताच्या कामी येत नाही. तद्वत एका प्रिंटरची, एका शाईची व एका कागदाची प्रोफाइल दुसऱ्या जोडीला लागू पडत नाही. तिन्हींपैकी एक बदलला की उतारा नवा काढावा लागतो.

प्रोफाइल तयार करण्याची रीत

प्रथम प्रिंटर सुस्थितीत आहे याची खात्री करावी. शाईची सूक्ष्म छिद्रे मोकळी आहेत की नाहीत, हे तपासणारी एक परीक्षा-छपाई प्रत्येक प्रिंटरमध्ये असते. तीत एकही रेघ तुटलेली नसावी. बाहेरची शाई नव्याने भरली असेल, तर नळ्यांतील जुनी शाई पूर्णपणे निघून जाईपर्यंत काही पाने छापावीत. जुन्या व नव्या शाईच्या मिश्रणावर काढलेली प्रोफाइल चार दिवसांत निरुपयोगी होते.

दुसरी पायरी कागदाच्या प्रकाराची. बाहेरच्या कागदाचे नाव प्रिंटरच्या यादीत नसते. यादीतील साधा, मॅट, चकचकीत यांपैकी जवळचा प्रकार निवडून नमुना छापावा. शाई थबथबत असेल किंवा कागद सुरकुतत असेल, तर कमी शाई सोडणारा प्रकार घ्यावा. जो प्रकार व जी छपाईची प्रत निश्चित होईल, ती वहीत लिहून ठेवावी. पुढे प्रत्येक वेळी तीच ठेवावयाची आहे.

तिसऱ्या पायरीत रंगचौकटींचा तक्ता छापावयाचा. त्यात काही शेकडा लहान चौकटी असतात आणि प्रत्येकीचे आकडे आधीच ठरलेले असतात. या वेळी रंग सुधारण्याची सर्व व्यवस्था बंद ठेवणे अत्यावश्यक आहे. प्रिंटर स्वभावतः काय छापतो, हेच आपल्याला पाहावयाचे आहे. आरोपीची जबानी घेताना त्याला पढवून ठेवले, तर सत्य कसे कळणार?

छापलेला तक्ता लगेच मोजू नये. तो सावलीत, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर, एक दिवस वाळू द्यावा. ओल्या शाईचा रंग आणि वाळलेल्या शाईचा रंग यांत फरक पडतो. त्यानंतर वर्णपटमापक यंत्राने प्रत्येक चौकट मोजावी. हे यंत्र कागदावर उजेड टाकते, परतणारा उजेड तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजते आणि त्यावरून लॅबचे आकडे काढते. ठरलेले आकडे व मोजलेले आकडे यांची सांगड घालून संगणक प्रोफाइल तयार करतो. 'आर्गिल' नावाचा या कामाचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. यंत्र मात्र महाग असते. म्हणून प्रत्येक कचेरीने ते विकत घ्यावे, असे मी सुचविणार नाही. तालुक्यातील शाळा व पंचायती यांच्यासाठी मिळून एक यंत्र पुरेसे आहे. छापलेला तक्ता टपालाने घेऊन प्रोफाइल करून देणारे व्यावसायिकही आहेत.

वापरताना घ्यावयाची दक्षता

तयार प्रोफाइल संगणकात बसवावी आणि चित्र छापताना चित्राच्या कार्यक्रमात तिचे नाव निवडावे. त्याच वेळी प्रिंटरच्या खिडकीतील रंग सुधारण्याची सोय बंद करावी. हा नियम सर्वाधिक वेळा मोडला जातो. कार्यक्रमाने एकदा रंग सुधारला आणि प्रिंटरने तोच पुन्हा सुधारला, म्हणजे दोन वैद्यांची औषधे एकाच रोग्याला दिल्यासारखे होते. चेहरे तांबडे होतात, सावल्या काळवंडतात आणि दोष शाईवर येतो.

पडद्यावर दिसणारा प्रत्येक रंग कागदावर उतरेलच असे नाही. पडदा स्वतः उजेड देतो. कागद केवळ परतवितो. झगझगीत हिरवा किंवा निळा रंग शाईच्या आवाक्याबाहेर असला, तर त्याच्या जागी कोणता रंग घ्यावा, हे ठरविण्याच्या चार पद्धती प्रोफाइलमध्ये असतात. छायाचित्रासाठी संपूर्ण चित्राचा समतोल राखणारी 'पर्सेप्च्युअल' पद्धत बहुधा बरी पडते. तक्ते, नकाशे व बोधचिन्हे यांसाठी आवाक्यातील रंग जसेच्या तसे ठेवणारी 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' पद्धत घ्यावी.

प्रोफाइलचा लाभ किती काळ टिकेल, हे आपल्या खरेदीच्या पद्धतीवर अवलंबून आहे. दर तिमाहीला सर्वांत कमी दराचे दरपत्रक मंजूर करून प्रत्येक वेळी निराळी शाई आणली, तर प्रत्येक वेळी प्रोफाइलही निराळी लागेल. त्यापेक्षा वर्षभरासाठी एक शाई व एक कागद निश्चित करणे हिताचे आहे. दरपत्रक मागविताना शाईचे नाव, प्रकार आणि ती कोणत्या प्रिंटरसाठी आहे, हे स्पष्ट नमूद करावे. नवा साठा आला की जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्याशेजारी नवा नमुना छापून, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात तो पडताळावा. प्रिंटर हमीच्या मुदतीत असेल, तर बाहेरच्या शाईविषयीच्या अटी आधी वाचाव्यात.

प्रोफाइलने काय साधत नाही?

तुंबलेले छिद्र प्रोफाइलने मोकळे होत नाही. उन्हात फिकटणारी शाई तिच्यामुळे टिकाऊ होत नाही. आदेश, दाखले आणि पावत्या यांना तिची गरजही नाही. तेथे अक्षर स्वच्छ असले म्हणजे झाले.

एक इशारा विशेष आग्रहाने देतो. भातपिकासाठी पर्णरंग पट्टी वापरली जाते. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारित केलेल्या पट्टीवर पिवळसर हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत चार छटा असतात. शेतात दहा रोपांची पूर्ण उमललेली सर्वांत नवी पाने, स्वतःच्या अंगाच्या सावलीत धरून, या छटांशी ताडून पाहावयाची आणि त्यावरून नत्राची मात्रा ठरवावयाची, अशी ही रीत आहे. अशा पट्टीचे छायाचित्र घेऊन कचेरीच्या प्रिंटरवर प्रती काढून वाटण्याचा मोह होतो. सद्हेतू असला तरी हे करू नये. छायाचित्रातच रंग बदललेला असतो, आणि उत्तम प्रोफाइल त्या बदललेल्या रंगाचीच इमानाने नक्कल करील. शिवाय कागदी प्रत चिखलपाण्यात टिकत नाही. ज्या रंगावरून खताची वा औषधाची मात्रा ठरते, ते साधन कृषी खात्याकडून किंवा मान्य उत्पादकाकडूनच घ्यावे. आपण छापावे ते पट्टी कशी वापरावी याचे माहितीपत्रक. ते सुबक रंगांत जरूर छापावे. मात्र 'या चित्राशी पान ताडून पाहू नये' ही सूचना त्यावर ठळक अक्षरांत असावी.

बंधुभगिनींनो, सरकारी कागदावर जे छापले जाते ते खरे असते, असे गावातील माणूस मानून चालतो. मजकूर तपासल्याशिवाय आपण स्वाक्षरी करीत नाही. ज्या कागदावर रंग हाही मजकूर आहे, तो वाटण्यापूर्वी त्याचा रंगही तितक्याच काळजीने तपासला जावा, एवढीच माझी विनंती आहे. त्यासाठी फार खर्च लागत नाही. एक शाई, एक कागद, एक प्रोफाइल आणि नोंदीची एक वही एवढ्यावर भागते. पुढील पावसापूर्वी आपापल्या कचेरीत ही वही सुरू करावी, अशी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.